गाडी डावीकडे का वळते?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात शालेय विज्ञानाशी थेट संबंध असलेली एक घोषणा होती. येत्या पाच वर्षांत देशातील सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारल्या जातील, असे त्यात सांगण्यात आले. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ मध्ये ही योजना सुरू झाली आणि आजवर देशभरातील सुमारे १०,००० शाळांमध्ये अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. सहावी ते बारावीच्या मुलामुलींनी हाती हत्यारे घ्यावीत, सर्किट जोडावे, चुकावे आणि पुन्हा जोडून पाहावे, ही त्यामागील कल्पना. त्यासाठी एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद योजनेत ठेवलेली होती. सार्वजनिक पैसा एवढ्या मोठ्या प्रमाणावर शाळेतील हस्तकौशल्यासाठी राखला जाणे ही आपल्या देशात नवलाईची आणि स्वागतार्ह गोष्ट आहे.

अशा प्रयोगशाळांत काय घडते हे पाहायचे असेल, तर कोणत्याही राज्यातील विज्ञान प्रदर्शनात एक फेरी मारावी. तिथे एक वस्तू हमखास भेटते : स्मार्टफोनवर चालणारी छोटी गाडी. टेबलावर पुठ्ठ्याचा फलक, त्यावर ठळक अक्षरांत ‘रोबोट’ हा शब्द, शेजारी गणवेशातील दोन विद्यार्थी. परीक्षक येतात, विद्यार्थी फोनवरचा बाण दाबतो, गाडी पुढे जाते, दुसरा बाण दाबला की वळते. परीक्षक कौतुकाने मान डोलावतात, पाठ केलेली चार वाक्ये ऐकतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. सारा प्रसंग तीन-चार मिनिटांत संपतो.

ही गाडी शालेय भौतिकशास्त्र शिकवण्याचे विलक्षण चांगले साधन आहे, आणि ते साधन बहुतेक वेळा वाया जाते. गाडी धावली की प्रकल्प पूर्ण झाला, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. खरा अभ्यास मात्र गाडी अडते, भरकटते किंवा आपोआप थांबते त्या क्षणी सुरू होतो. नव्या ५०,००० प्रयोगशाळांचे यशापयश ठरवताना हा मुद्दा बाजूला ठेवता येणार नाही.

आधी गाडीची रचना थोडक्यात पाहू. प्लास्टिकच्या पट्टीवर गिअर लावलेल्या दोन किंवा चार पिवळ्या मोटर्स बसवलेल्या असतात. मधोमध आर्डुइनो उनो हा बोर्ड असतो. त्यावरच्या मायक्रोकंट्रोलरची स्मृती अवघी २ किलोबाइट आणि घड्याळाचा वेग १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे खिशातल्या फोनच्या तुलनेत अगदीच तुटपुंजी क्षमता. हा बोर्ड मोटरला थेट वीज पुरवू शकत नाही, कारण त्याच्या एका पिनमधून काही दशांश अँपिअरही घेता येत नाही. म्हणून मध्ये एल२९८एन नावाचा मोटर ड्रायव्हर बसवतात. फोनकडून येणारा निरोप एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल झेलते आणि एकेका अक्षराच्या रूपात बोर्डाकडे सोपवते : पुढे जाण्यासाठी एक अक्षर, थांबण्यासाठी दुसरे. हे सारे साहित्य दीड-दोन हजार रुपयांत मिळते.

आणि ते बहुधा एका खोक्यात, संच म्हणूनच मिळते. सोबत रंगीत तारांचा छापील तक्ता असतो, इंटरनेटवर तयार प्रोग्रॅम असतो, फोनसाठी तयार ॲप असते. तक्त्याप्रमाणे तारा खोचल्या, प्रोग्रॅम चढवला, ॲप उघडले की एका दुपारी गाडी तयार. यात गैर काही नाही. लहान मूल आधी अक्षर गिरवते आणि मग लिहू लागते, तशी ही पहिली पायरी आहे. अडचण अशी की अनेक ठिकाणी गिरवलेले अक्षरच निबंध म्हणून प्रदर्शनात मांडले जाते.

पुढची पायरी कशी असते, हे तीन साध्या बिघाडांवरून पाहता येईल. ही गाडी बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटतात.

पहिला बिघाड. गाडी टेबलावर उचलून धरली असता चाके छान फिरतात. जमिनीवर ठेवून बाण दाबला, की गाडी जागच्या जागी एक आचका देते आणि फोनवरील ब्लूटूथची जोडणी तुटते. विद्यार्थी ॲप बंद करून पुन्हा उघडतो, फोन बदलतो, शेवटी ब्लूटूथ मॉड्यूल खराब आहे असे ठरवून नवे मागवतो. नवे आल्यावरही तेच घडते. लक्षण फोनवर दिसते आणि दुखणे बॅटरीत असते.

असे का व्हावे? फिरणारी मोटर स्वतः जनित्रासारखीही वागते आणि आपल्याला पुरवलेल्या विजेला विरोध करणारे विभवांतर निर्माण करते. त्यामुळे फिरत्या मोटरमधून जाणारी धारा मर्यादित राहते. थांबलेल्या मोटरमध्ये मात्र हा विरोध शून्य असतो. गाडीचे सारे वजन चाकांवर असताना सुरुवात करायची, तर त्या क्षणी मोटर नेहमीच्या कितीतरी पट धारा खेचते. खेळण्यांत वापरली जाणारी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी एवढी धारा देण्यासाठी बनलेलीच नाही. तिचा अंतर्गत रोध समजा २ ओम असेल आणि दोन मोटर्सनी मिळून १ अँपिअर धारा मागितली, तर २ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतात. बॅटरी जुनी होत जाते तसा हा रोध वाढतो आणि घट मोठी होते. बोर्डाला स्थिर ५ व्होल्ट मिळण्यासाठी बाहेरून सुमारे ७ व्होल्ट लागतात. तेवढेही उरले नाहीत की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो, त्याच पुरवठ्यावरचे ब्लूटूथ मॉड्यूलही दगा देते आणि फोनवरची जोडणी तुटते.

बारावीच्या पाठ्यपुस्तकात विद्युतघटाचा अंतर्गत रोध एका सूत्राच्या रूपाने येतो. परीक्षेत त्यावर उदाहरण येते, विद्यार्थी ते सोडवतो आणि विसरतो. इथे तेच सूत्र विद्यार्थ्याच्या गाडीला अडवून उभे असते. शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावावा, गाडी स्थिर असताना आणि सुरू होताना आकडा वाचावा. आचका क्षणाचा असल्याने मल्टिमीटरला तो नीट पकडता आला नाही, तर चाके हाताने क्षणभर धरून पाहावे. आकडा खाली येताना दिसला, की पाठ्यपुस्तकातील ते सूत्र पुन्हा कधी विसरले जात नाही. मग उपायही विद्यार्थ्याला स्वतः सुचतात : अधिक धारा देऊ शकणारी बॅटरी घेणे, मोटरसाठी आणि बोर्डासाठी वेगळा पुरवठा ठेवणे, किंवा मोटरला एकदम पूर्ण वेग न देता हळूहळू वाढवत नेणे. यातील शेवटच्या उपायाला एक पैसाही लागत नाही.

दुसरा बिघाड अधिक शांत आणि म्हणून अधिक दुर्लक्षित. फोनवर सरळ जाण्याचा बाण दाबलेला असतो आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकत जाते. विद्यार्थी मधूनमधून उजवा बाण दाबून तिला मार्गावर आणतो. प्रदर्शनात कोणाच्या ते लक्षातही येत नाही, कारण माणसाचा डोळा आणि अंगठा मिळून गाडीची चूक झाकत असतात.

ही चूक किती मोठी असते? दोन मोटर्सच्या गाडीत दोन चाकांमधील अंतर १३ सेंटीमीटर धरू. उजवे चाक डाव्या चाकापेक्षा फक्त ५ टक्के वेगाने फिरते असे मानू. एकाच कारखान्यातून आलेल्या दोन स्वस्त मोटर्समध्ये एवढा फरक सहज असू शकतो. चाकांमधील अंतराच्या निम्म्याला दोन्ही वेगांच्या बेरजेने गुणले आणि वेगांच्या फरकाने भागले, की गाडी ज्या वर्तुळावरून जाते त्याची त्रिज्या मिळते. इथे ती सुमारे २.७ मीटर येते. म्हणजे दोन मीटर चालून होईपर्यंत गाडी मूळ रेषेपासून सुमारे ७० सेंटीमीटर बाजूला गेलेली असते. फरक १ टक्का असला, तरी दोन मीटरला सुमारे १५ सेंटीमीटर चूक होतेच. नववी-दहावीच्या भूमितीत बसणारे हे गणित आहे. ते उलटही करता येते. जमिनीवर खडूने रेघ ओढावी, गाडी तीवरून सोडावी, दोन मीटरनंतर ती किती बाजूला गेली हे टेपने मोजावे आणि त्यावरून दोन मोटर्सच्या वेगातील फरक काढावा. खडू आणि टेप एवढ्या साहित्यावर मोटर न उघडता तिचा स्वभाव कळतो.

पण दोष मोटरचाच आहे हे कशावरून? जमीनच एका बाजूला उतरती असेल तर? गाडी त्याच रेघेवरून उलट दिशेने चालवून पाहावी. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे सरकली, तर संशय जमिनीवर. दोन्ही वेळा डावीकडेच सरकली, तर दोष गाडीत. मग ड्रायव्हरवरील डाव्या आणि उजव्या मोटरच्या जोडण्यांची अदलाबदल करावी. सरकण्याची बाजू बदलली तर दोष ड्रायव्हरच्या वाहिनीत, नाही बदलली तर मोटरमध्ये किंवा चाकात. दर वेळी गाडी पाचदा तरी सोडावी, कारण एका वेळच्या मापनावर विसंबता येत नाही. पाचही वेळा उत्तर थोडे वेगळे येते आणि त्या वेगळेपणाचाच विचार करावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलणे, बाकीच्या स्थिर ठेवणे, मापन पुन्हा करणे : संशोधनात रोज वापरली जाणारी पद्धत एवढीच असते. ती शिकण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. लागतो तो एखादा तास आणि ‘असे का होते?’ हे विचारणारे कोणीतरी.

यापुढे विद्यार्थ्याला उपाय हवा असतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे वेगवान मोटरला प्रोग्रॅममध्ये थोडी कमी शक्ती देणे. तो काही वेळ चालतो. बॅटरी उतरली किंवा जमीन बदलली, की गाडी पुन्हा भरकटते. तेव्हा लक्षात येते की आधी ठरवून ठेवलेला आकडा पुरेसा नाही, गाडीने स्वतःची चाके किती फिरली हे मोजले पाहिजे. चाकाच्या आसावर २० खाचांची चकती आणि एक प्रकाश संवेदक बसवला, तर ६५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचे अंतर सुमारे एकेका सेंटीमीटरच्या टप्प्याने मोजता येते. मागे पडलेल्या चाकाला थोडी अधिक शक्ती, पुढे गेलेल्याला थोडी कमी, असा नियम लिहिला की गाडी स्वतः सरळ चालू लागते. अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात नियंत्रण-सिद्धान्त म्हणून शिकवला जाणारा विषय इथे आठवीतील मुलाला त्याच्या स्वतःच्या गरजेतून भेटतो.

याच टप्प्यावर ‘रोबोट’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. फोनवरून चालणारी गाडी हे दूरनियंत्रित खेळणे आहे. परिस्थितीची जाणीव घेणे, त्यावरून निर्णय करणे आणि त्याप्रमाणे कृती करणे, हे तिन्ही यंत्राने स्वतः केले तर त्याला रोबोट म्हणावे. साध्या गाडीत जाणीव विद्यार्थ्याच्या डोळ्यात असते, निर्णय त्याच्या डोक्यात असतो, गाडीकडे केवळ कृती उरते. चाकांचे फेरे मोजून स्वतःला सावरणारी गाडी मात्र त्या शब्दाच्या दिशेने पहिले पाऊल टाकते.

तिसरा बिघाड प्रदर्शनात क्वचित दिसतो, पण सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. बहुतेक तयार ॲप बाण दाबताच ‘पुढे’चे अक्षर पाठवतात आणि बाण सोडताच ‘थांबा’चे. आता बाण दाबलेला असताना गाडी ब्लूटूथच्या पल्ल्याबाहेर गेली किंवा फोन बंद पडला, तर? ‘थांबा’ हा निरोप गाडीपर्यंत कधीच पोहोचत नाही. तिला मिळालेली शेवटची आज्ञा ‘पुढे’ हीच असते आणि ती भिंतीवर आदळेपर्यंत ती इमानेइतबारे पाळते. खेळण्याच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येते. हाच दोष शेतात फवारणी करणाऱ्या ड्रोनमध्ये किंवा कारखान्यातील स्वयंचलित ट्रॉलीमध्ये राहिला, तर माणूस जायबंदी होऊ शकतो.

उपाय दहा ओळींचा आहे. फोनने बाण दाबलेला असेपर्यंत तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत राहावे आणि अर्ध्या सेकंदात काहीच आले नाही तर गाडीने स्वतः थांबावे. सेकंदाला ६० सेंटीमीटर वेग असेल, तर अर्ध्या सेकंदात गाडी ३० सेंटीमीटर पुढे जाईल. ते चालेल का? कालावधी कमी केला तर एखादा निरोप हुकला तरी गाडी अडखळेल. वाढवला तर भिंत गाठेल. हा आकडा कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही. विद्यार्थ्याने तो निवडायचा, त्याचे कारण द्यायचे आणि परिणामांची जबाबदारी घ्यायची.

याच्याच जोडीला आणखी एक गंमत आहे. बाजारातून येणारे प्रत्येक एचसी-०५ मॉड्यूल स्वतःचे नाव बहुधा ‘एचसी-०५’ असेच सांगते आणि त्याचा सांकेतिक क्रमांक १२३४ असतो. एका सभागृहात अशा दहा गाड्या मांडल्या, तर एका शाळेचा फोन दुसऱ्या शाळेच्या गाडीला जोडला जाणे अजिबात अशक्य नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नये, हा सायबर सुरक्षेचा पहिला धडा यापेक्षा सोप्या रीतीने देता येणार नाही. तो देण्यासाठी मात्र कोणीतरी मॉड्यूलचे नाव बदलायला सांगितले पाहिजे.

जोडणी तुटली तर यंत्राने काय करावे, हा प्रश्न देशातील सर्वांत गाजलेल्या चाकांच्या गाडीलाही सोडवावा लागला होता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चे विक्रम लँडर चंद्रावर उतरले आणि त्यातून २६ किलोग्रॅम वजनाचा, सहा चाकांचा प्रज्ञान रोव्हर बाहेर आला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १ सेंटीमीटर होता. पृथ्वीवरून निघालेला रेडिओ संदेश चंद्रावर पोहोचायला सुमारे १.३ सेकंद लागतात आणि उत्तर यायला तेवढेच. बाण दाबावा आणि चाक फिरावे, अशी सोय तिथे नसते. रोव्हरच्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये पृथ्वीवर पाहायची, मार्ग ठरवायचा आणि मग आज्ञा पाठवायची, असा तो क्रम होता. २७ ऑगस्टला रोव्हरच्या पुढे ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचे विवर दिसले, तेव्हा त्याला मागे फिरवून नव्या मार्गाने नेण्यात आले. प्रत्यक्ष उतरण्याच्या काळात तर पृथ्वीवरून हस्तक्षेप करायला अवसरच नव्हता. तिथे लँडरने सारे निर्णय स्वतः घेतले.

या यशामागची कार्यपद्धती विद्यार्थ्यांसाठी अधिक मोलाची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चे लँडर उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात कोसळले. त्यानंतरची आखणी करताना इस्रोने प्रश्नच बदलला. सारे ठरल्याप्रमाणे घडले तर यान कसे उतरेल, यापेक्षा काय काय बिघडू शकते आणि तसे बिघडले तरी यान कसे उतरेल, याचा विचार झाला. तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी उड्डाणापूर्वी ही ‘अपयशावर आधारित’ रचना जाहीरपणे समजावून सांगितली होती. लँडरचे पाय मजबूत केले गेले, इंधन वाढवले गेले, वेग थेट मोजणारा लेझर संवेदक जोडला गेला आणि उतरण्यासाठीचे क्षेत्र ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतके विस्तारले गेले. देशाने टाळ्या वाजवल्या त्या उतरण्याच्या क्षणाला. शिकण्यासारखी होती ती आधीची चार वर्षे.

शालेय प्रदर्शनांत नेमके उलटे घडते. तिथे अपयश लपवावे लागते. गाडी परीक्षकांसमोर थांबली तर गुण जातात. म्हणून विद्यार्थी नवी बॅटरी घालतो, गाडीला दोनच हात अंतर चालवतो आणि न चुकणारी कृती तेवढी दाखवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीला गुण मिळतात, ती गोष्ट तो करतो.

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच स्वतः जोडलेले यंत्र चालताना पाहिले, त्याच्या आनंदावर असे विरजण का घालावे? सरकारी शाळेतील अनेक मुलांना मायक्रोकंट्रोलरला हात लावायला मिळणे हेच मोठे आहे, तिथे मापनाच्या आणि त्रुटींच्या गोष्टी कशाला? हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण पहिल्या आनंदाशिवाय दुसरी पायरी येतच नाही. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. सरकारी शाळेतील मुलांना वस्तू दाखवावी, विचार मात्र सुस्थितीतील मुलांनी करावा, असे ते गृहीतक. ते मान्य करण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या तिन्ही अभ्यासांना संचापलीकडे लागतो तो खडू, टेप आणि मल्टिमीटर.

या देशात याचा पुरावाही आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ ग्रामीण शाळांपासून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला. स्वस्त, स्थानिक साहित्य वापरून मुले प्रयोग करत, निरीक्षणे स्वतः नोंदवत आणि निष्कर्ष स्वतः काढत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगही करून दाखवावा लागे. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून आकृत्या आणि सांगाडे उभे करणारे अरविंद गुप्ता याच कार्यक्रमातून घडले. पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले. राज्य शासनाने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांच्या त्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. साहित्य स्वस्त असूनही तो चालला, कारण शिक्षकांचे सातत्याने प्रशिक्षण होत होते, त्यांच्या अडचणींना उत्तर देणारी माणसे शाळेपर्यंत जात होती आणि परीक्षाही त्या पद्धतीला अनुरूप होती. आज साहित्य महाग आणि आधुनिक आहे. शिक्षकाला मिळणारा वेळ आणि परीक्षेची रीत यांबाबत मात्र तेच म्हणता येत नाही.

त्यात आता एक नवी परिस्थिती आली आहे. गाडीचा प्रोग्रॅम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटकडून काही सेकंदांत लिहून मिळतो आणि तो बऱ्याचदा चालतोही. त्यामुळे चालणारा प्रोग्रॅम हा आकलनाचा पुरावा राहिलेला नाही. बॅटरी किती खाली आली, जमीन कोणत्या बाजूला उतरती आहे, डावे चाक का घसरते, हे मात्र चॅटबॉटला आपण होऊन कळत नाही. ते कोणीतरी वाकून, मोजून सांगावे लागते. यंत्र जितके अधिक लिहू लागेल, तितके मोजणाऱ्या हाताचे महत्त्व वाढेल.

तेव्हा नव्या प्रयोगशाळा उभारताना चार गोष्टी करता येतील. त्यांना मोठा खर्च नाही.

पहिली, प्रत्येक प्रकल्पासोबत बिघाडांची वही सक्तीची असावी : काय बिघडले, काय संशय आला, काय मोजले, काय बदलले. प्रदर्शनात निम्मे गुण या वहीला असावेत. दुसरी, परीक्षकांनी गाडीतील एक तार काढावी आणि दोष शोधण्यासाठी विद्यार्थ्याला दहा मिनिटे द्यावीत. तिसरी, जळणाऱ्या आणि मोडणाऱ्या सुट्या भागांसाठी दरवर्षी स्वतंत्र रक्कम असावी. भाग खराब झाला तर जबाब द्यावा लागेल, या भीतीने शिक्षक कपाटाला कुलूप लावतो आणि ज्या प्रयोगशाळेत वर्षभरात एकही मोटर जळत नाही, तिथे बहुधा काही घडलेलेच नसते. लिथियम-आयन बॅटरीच्या बाबतीत मात्र ही मोकळीक नको. तिला शॉर्ट होऊ न देणे आणि योग्य चार्जर वापरणे हे आधी शिकवले पाहिजे. चौथी, प्रयोगशाळेची जबाबदारी असलेल्या शिक्षकाला वेळापत्रकात त्यासाठी तास मिळावेत आणि जवळच्या अभियांत्रिकी किंवा विज्ञान महाविद्यालयातील कोणीतरी महिन्यातून एकदा तरी शाळेत यावे. योजनेत मार्गदर्शकांची कल्पना आहेच, ती नियमित व्हायला हवी.

किती शाळांना प्रयोगशाळा मिळाली, हा आकडा सहज मोजता येतो, म्हणून बातम्यांत तोच येतो. त्या शाळांतील किती गाड्या बिघडल्या आणि मुलांनी स्वतः दुरुस्त केल्या, हा आकडा मोजायला अवघड आहे. पाच वर्षांनी या योजनेचे काय झाले, हे कळण्यासाठी दुसराच आकडा लागेल.

तोवर पालक, शिक्षक आणि परीक्षक यांना एक साधी गोष्ट करता येईल. पुढच्या प्रदर्शनात अशी गाडी दिसली, तर ‘चालवून दाखव’ असे म्हणण्याआधी ‘ही कुठे कुठे अडली होती?’ असे विचारावे. ज्या विद्यार्थ्याकडे उत्तर असेल, तो फोन बाजूला ठेवेल, वही उघडेल आणि बहुधा बराच वेळ बोलत राहील. त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे.